रकून लांब नेऊन का सोडता येत नाही: ओंटारिओच्या एका नियमामागची पार्श्वभूमी

कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात रकून, म्हणजे डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला, मांजराहून थोरला रानटी प्राणी, घराची नासधूस करत असेल तर पिंजरा लावून पकडता येतो. मात्र पकडल्यापासून चोवीस तासांच्या आत आणि पकडल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आत तो सोडावा लागतो. त्यापुढे नेणं बेकायदा. टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टन, मिल्टन, मिसिसागाकडे नव्याने घर घेतलेल्या आपल्या मंडळींना हा नियम कळला की पहिल्यांदा रागच येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. अ‍ॅटिकमधलं (छपराखालच्या माळ्यातलं) इन्सुलेशन लघवीने भिजलेलं, सोफिट (छपराच्या कडेखालचं आच्छादन) उचकटलेलं, दुरुस्तीचा खर्च आपल्या माथी, आणि वर सरकार म्हणतं की प्राणी शेजारच्या गल्लीतच सोडा. गाडीत घालून तासभर उत्तरेला सोडून आलं तर कुणाचं काय बिघडतं, असा सरळ प्रश्न असतो. काय बिघडतं ते गेल्या पन्नास वर्षांत स्वच्छ दिसलं आहे, आणि नियमाबद्दल मत बनवण्याआधी ते माहीत असायला हवं.

रकून मूळचा उत्तर अमेरिकेचाच. शतकानुशतकं त्याची शिकार झाली ती कातडीसाठी. १९२०च्या दशकात कॉलेजातल्या तरुणांत रकूनच्या लांब कोटांची टूम होती. १९५०च्या दशकात टीव्हीमुळे मुलांत शेपटीवाल्या टोप्यांचं वेड पसरलं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस कातडीचे भाव कोसळले आणि सापळे लावणारे कमी झाले. शहरं तोवर पसरत होती. टोरांटोसारख्या शहरात झाडीने भरलेल्या घळी थेट वस्तीपर्यंत येतात, प्रत्येक घराला अ‍ॅटिक, धुराडं आणि डेकखालची पोकळी असते, आणि दर आठवड्याला रस्त्याच्या कडेला उष्टंखरकटं येऊन उभं राहतं. रकूनला आणखी काय हवं?

पण या नियमाची गोष्ट कचऱ्यापासून सुरू होत नाही, ती रेबीजपासून सुरू होते. आपल्याकडे रेबीज म्हटलं की भटका कुत्रा डोळ्यांसमोर येतो. ओंटारिओत तो जंगली प्राण्यांतून आला. १९५०च्या दशकात उत्तरेकडून आर्क्टिक कोल्ह्यांमधला विषाणू दक्षिणेत उतरला आणि लाल कोल्हे, स्कंक (घाण वासाचा फवारा सोडणारा लहान प्राणी), गायीगुरं, मांजरं अशी साखळी लागली. पुढची तीन-साडेतीन दशकं या एका प्रांतात वर्षाला हजारावर प्राण्यांना रेबीज झाल्याचं निदान होत होतं. १९६७ साली ओटावाच्या जवळ एका लहान मुलीचा भटकी मांजर चावल्यानंतर मृत्यू झाला, आणि प्रांताने जंगली प्राण्यांना लस कशी द्यायची यावर पैसा ओतायला सुरुवात केली. कोल्ह्याला धरून सुई टोचणं शक्य नाही, तेव्हा लस खाण्यातून द्यायची ठरली. १९८९ पासून विमानांतून लशीची आमिषं टाकायला लागले आणि काही वर्षांत कोल्ह्यांतला रेबीज दक्षिण ओंटारिओतून जवळजवळ हटला. सार्वजनिक आरोग्याचं एवढं मोठं काम इतक्या गाजावाजाविना पार पडलेलं क्वचितच पाहायला मिळतं.

रकूनचा रेबीज हे वेगळं प्रकरण. विषाणू तोच, पण रकूनच्या अंगी मुरलेला त्याचा स्वतंत्र प्रकार. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो फ्लोरिडात आणि नंतर लगतच्या दोन-चार राज्यांत होता, आणि आपल्या चालीने हळूहळू सरकत होता. मग माणसाने त्याला उचलून नेलं. अ‍ॅपलेशियन डोंगरांत शिकारीला रकून कमी पडू लागले म्हणून तिथल्या शिकारी क्लबांनी १९७०च्या दशकात फ्लोरिडातून रकून मागवून जंगलात सोडले. व्यवहार उघड होता, बराचसा परवान्यानिशी. त्यांतल्या काही जनावरांत रोग भिनलेला होता. १९७७ साली वेस्ट व्हर्जिनियात, जुन्या क्षेत्रापासून शेकडो किलोमीटर दूर, रकूनमधला रेबीज सापडला. तिथून दरसाल तीस-चाळीस किलोमीटरच्या वेगाने तो उत्तरेला पसरत गेला. १९९०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यात पोहोचला आणि जुलै १९९९ मध्ये सेंट लॉरेन्स नदी ओलांडून ब्रॉकव्हिलच्या परिसरात, म्हणजे ओंटारिओत. मधल्या राज्यांत लाखो लोकांच्या अंगणात, पाळीव कुत्र्यामांजरांत आणि दवाखान्यांच्या रांगांत त्याचे परिणाम दिसले. ट्रकमध्ये पिंजरे चढवणाऱ्यांना यातलं काहीही अभिप्रेत नव्हतं.

१९९९ मध्ये ओंटारिओने जे केलं त्यावर अजूनही वाद होतो. बाधित रकून सापडला की त्याच्याभोवती साधारण पाच किलोमीटरच्या वर्तुळातले रकून आणि स्कंक पकडून मारायचे, त्याबाहेरच्या पट्ट्यातले पकडून, टोचून, कानाला बिल्ला लावून तिथेच सोडायचे, आणि त्याही पलीकडे आमिषं टाकायची. यात हजारो निरोगी जनावरं मारली गेली. पिलांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांनी याला उघड विरोध केला, आणि त्यांचं दुःख खोटं नव्हतं. दुसरीकडे, २००५च्या शरदानंतर पूर्व ओंटारिओत एकही नवा बाधित रकून सापडला नाही. सहा वर्षांत एकंदर १३२ प्राण्यांवर साथ थोपवली गेली, तेव्हा सीमेपलीकडे न्यूयॉर्क राज्यात रोग कायमचा मुक्कामाला होता. मारण्याचा भाग आज कुणालाच नको आहे. खाण्यातून द्यायची लस सुधारल्यामुळे त्याची गरजही उरलेली नाही. पण तेव्हा रकूनसाठी पुरेशी परिणामकारक तोंडी लस हातात नव्हती, हे टीका करताना विसरलं जातं.

मग दहा वर्षं शांतता होती. डिसेंबर २०१५ मध्ये टोरांटोच्या नैऋत्येला हॅमिल्टनमध्ये प्राणी-नियंत्रणाच्या गाडीत एका आजारी रकूनची दोन कुत्र्यांशी झटापट झाली. रकून तपासला तर रेबीज. शोध घेतला तेव्हा आसपास आणखी कितीतरी निघाले, रकूनही आणि स्कंकही, आणि पुढच्या काही वर्षांत आकडा शेकड्यांत गेला. सगळ्यांना वाटलं, नायगाराची अमेरिकी हद्द जवळ आहे, पलीकडच्या बफेलोकडून चालत आला असणार. विषाणूची जनुकीय तपासणी झाली तेव्हा त्याचं सगळ्यात जवळचं नातं निघालं न्यूयॉर्क राज्याच्या आग्नेय भागातल्या विषाणूशी, सुमारे पाचशे किलोमीटर लांबच्या. एवढं अंतर रकून चालत येत नाही. कुठल्यातरी ट्रकमध्ये, ट्रेलरमध्ये किंवा मालडब्यात बसून तो आला. कुणी मुद्दाम आणला असं म्हणायला आधार नाही. पण आजारी जनावर चाकांवर बसलं की दहा वर्षांची मेहनत एका रात्रीत कशी वाया जाते, हे हॅमिल्टनइतकं स्पष्ट दुसऱ्या कशाने दिसणार?

आता एक किलोमीटरच्या नियमाकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. रेबीजची लागण झालेला प्राणी कित्येक आठवडे, कधी महिने, अगदी धडधाकट दिसतो. खातो, पितो, पिंजऱ्यात शिरतो. पिंजऱ्याबाहेरून पाहून तो निरोगी आहे असं पशुवैद्यही छातीठोकपणे सांगू शकत नाही, मग घरमालकाची काय कथा. प्राण्याला त्याच्याच टापूत सोडलं तर रोग असलाच तरी तिथेच राहतो, आणि तिथे आमिषं टाकून घेरता येतो. शंभर किलोमीटरवर सोडला तर नकाशावर नवा ठिपका उमटतो, आणि तो कळेपर्यंत दोन-तीन महिने निघून गेलेले असतात. शहरी रकूनचा रोजचा वावर साधारण एक-दोन किलोमीटरच्या आतलाच असतो, हे लक्षात घेतलं की हा आकडा मनमानी वाटत नाही.

नियमावरचा मुख्य आक्षेप असा की मग पकडायचं कशाला, तो परत येणारच. आक्षेप बरोबर आहे! पकडून उपयोग नाही, हेच खरं उत्तर आहे. एक रकून उचलला तरी भोक तसंच राहतं आणि महिन्याभरात दुसरा येतो. ज्यांना या कामाची खरी माहिती आहे ते पिंजरा लावतच नाहीत. सोफिटच्या भोकावर एकाच दिशेने उघडणारं जाळीचं झडपेचं दार बसवतात. रकून रात्री बाहेर पडतो, परत आत येऊ शकत नाही, आणि त्याच टापूतल्या आपल्या दुसऱ्या ढोलीत जातो. प्रत्येक रकूनला अशा चार-सहा जागा माहीत असतात. नंतर भोक पत्र्याने आणि दणकट जाळीने बंद करायचं. फोमने नाही, फोम तो ओरबाडून काढतो.

वसंतात मात्र घाई करून चालत नाही. एप्रिल-मेच्या सुमारास अ‍ॅटिकमध्ये शिरलेली ती बहुधा मादी असते आणि तिच्याजवळ तीन-चार आंधळी पिलं असतात. तिला पकडून लांब सोडलं की पिलं छपरात उपाशी मरतात, आणि त्यांचा वास भिंतीतून यायला लागतो तेव्हा लोकांना कळतं. चांगले कारागीर पिलं हातमोजे घालून बाहेर काढतात, झाकणाच्या उबदार खोक्यात भोकाजवळ ठेवतात, आणि मादी रात्री एकेक पिलू मानेला धरून दुसरीकडे नेते. हे एकदा पाहिलेला माणूस पुन्हा पिंजऱ्याचं नाव काढत नाही. लांब सोडलेल्या रकूनचंही भलं होत नाही. अनोळखी मुलखात त्याला ढोली ठाऊक नसतात, तो वाट काढत मैलोनमैल भटकतो, रस्ते ओलांडतो, आणि शेवटी दुसऱ्या कुणाच्या तरी घराशी येऊन थांबतो.

उपद्रवी जनावर पकडून लांब जंगलात सोडण्याचा प्रयोग महाराष्ट्राने बिबट्यावर करून पाहिला आहे. जुन्नर वनविभागात २००१ ते २००३ या काळात शंभराहून अधिक बिबटे पकडले गेले आणि त्यांतले बरेच दूरच्या जंगलांत सोडले गेले. माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले, वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर. जिथे ते सोडले, तिथेही आधी नसलेले हल्ले झाले. तिथे भीती जबड्याची आहे आणि इथे विषाणूची. बिबट्या आणि रकून यांची तुलना ओढूनताणून केलेली वाटेल, पण आपल्या टापूतून उपटलेलं जनावर शांत होत नाही, एवढं दोन्हीकडे सारखं आहे. रकूनलाही माणसाने परमुलखात नेऊन सोडलं आहे. जर्मनीत १९३४ साली एडर तलावाजवळ हौसेने सोडलेल्या दोन जोड्यांपासून सुरुवात झाली, आणि आज देशभर रकून आहेत. जपानमध्ये १९७०च्या दशकात एका कार्टूनमालिकेमुळे लोकांनी पिलं पाळायला आणली, मोठी झाल्यावर आवरेनात म्हणून जंगलात सोडली, आणि २००५ पासून तिथे त्यांच्यावर कायद्याने बंदी आहे.

टोरांटोत या वादाला कचऱ्याची जोड मिळाली. ओल्या कचऱ्याचं ग्रीन बिन २००२ पासून टप्प्याटप्प्याने आलं आणि रकूनने त्याचं झाकण उघडायला शिकून घेतलं. त्याच्या पुढच्या पंजांची बोटं लांब आणि विलक्षण संवेदनशील असतात, पाहण्यापेक्षा चाचपून त्याला जास्त कळतं. २०१६ मध्ये पालिकेने फिरत्या खटक्याचं नवं बिन आणलं, खर्च ३ कोटी १० लाख डॉलर. खटका माणसाच्या हाताने वळतो, आणि गाडीने बिन उलटं केलं की आपोआप सुटतो. काही रकूननी तेही उघडून दाखवलं, पण बहुतेक ठिकाणी ते टिकलं. याच शहरात २०१५च्या जुलैत भर रस्त्यावर मरून पडलेल्या एका रकूनभोवती लोकांनी फुलं आणि मेणबत्त्या ठेवल्या होत्या. तिरस्कार आणि माया दोन्ही एकाच गल्लीत नांदतात, म्हणून इथे धोरण ठरवणं अवघड जातं.

बर्ड फीडरचा, म्हणजे पक्ष्यांसाठी अंगणात टांगलेल्या दाण्याच्या भांड्याचा, प्रश्न त्यातूनच आला. सूर्यफुलाच्या बिया आणि चरबीच्या वड्या रकूनला, स्कंकला आणि उंदरांना पक्ष्यांइतक्याच आवडतात. एप्रिल २०२३ पासून टोरांटोत वन्य प्राण्यांना आणि कबुतरांना खायला घालण्यावर बंदी आहे, फीडरला सूट आहे, पण तो पुरेसा उंच आणि स्वच्छ हवा. कबुतरांना दाणे टाकणं हे पुण्याचं काम मानून वाढलेल्या आपल्या घरांत हा नियम बोचतो. फीडर ठेवायचाच तर लोखंडी खांबावर, खाली रुंद पत्र्याची नळी लावून, आणि संध्याकाळी आत घेऊन. अंगणात रकून नेहमी एकाच जागी विष्ठा करत असतील तर ती साफ करताना मास्क आणि हातमोजे हवेतच. त्यांच्या आतड्यातल्या जंताची अंडी दोन-चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि लहान मुलाच्या पोटात गेली तर मेंदूपर्यंत पोहोचू शकतात.

दिवसा दिसलेला प्रत्येक रकून पिसाळलेला नसतो. पिलांची आई दुपारीही खाणं शोधते, आणि डिस्टेंपर हा विषाणूजन्य रोग झालेला रकूनही झिंगल्यासारखा चालतो. डिस्टेंपर माणसाला होत नाही, पण न टोचलेल्या कुत्र्याला होतो. २०२४ मध्ये ओंटारिओत रेबीजने एक मूल गेलं, १९६७ नंतर प्रांतातच लागण झालेला तो पहिला मृत्यू, आणि तो रकूनमुळे नव्हे तर वटवाघळामुळे झाला. म्हणून जंगली प्राणी चावला किंवा ओरखडला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. लस वेळेत घेतली तर रोग होत नाही, लक्षणं दिसल्यावर जवळजवळ कुणी वाचत नाही.

हॅमिल्टन-नायगारा भागात आमिषं अजून टाकली जातात, गावाबाहेर विमानातून, शहरात हेलिकॉप्टरने आणि हाताने. अंगणात खाकी-हिरवट चपटी पुडी सापडली, तिला व्हॅनिला-मार्शमेलोचा गोड वास आला आणि वर फोन नंबर छापलेला दिसला, तर ती लस आहे. तिला हात लावायचा नाही, मुलांना लांब ठेवायचं, आणि ती तिथेच राहू द्यायची. या पुड्यांचा खर्च सरकार उचलतं. सोफिटच्या झडपेचा आणि जाळीचा खर्च मात्र पूर्णपणे घरमालकावर टाकला आहे, आणि तो शेकडो डॉलरच्या घरात जातो. त्यामुळेच काही जण अंधारात पिंजरा डिकीत ठेवून निघतात. प्रांताने आणि पालिकांनी त्या दुरुस्तीला अनुदान द्यावं. एका नव्या साथीला घेरण्यापेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.