सागरी जीवदीप्ती व दाब

समुद्रातील सूक्ष्मजीवांच्या शरीरात रासायनिक विक्रियेने निर्माण होणाऱ्या शीत प्रकाशावर बाह्य दाबाचा होणारा परिणाम. कोकणात पावसाळा सरल्यावर, विशेषतः अमावास्येच्या सुमारास, लाटेची कड निळसर उजळलेली दिसते. रापण ओढताना जाळ्याच्या गाठी आणि ओल्या पुळणीवर उमटणारी पावले क्षणभर चमकून विझतात. बोलण्यात याला ‘फॉस्फरस’ म्हणतात, परंतु फॉस्फरसाच्या जळण्याशी त्याचा संबंध नाही.

हा उजेड बहुधा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या ०.२ ते २ मिमी. व्यासाच्या, डायनोफ्लॅजेलेट गटातील एकपेशीय जीवाचा असतो. पेशीपटल ताणले गेले की विद्युत् आवेग निर्माण होतो (एकर्ट, १९६५), पेशीतील सूक्ष्म कण आम्लधर्मी होतात आणि ल्युसिफेरिन या प्रकाशजनक रसायनाचे ऑक्सिडीभवन होऊन प्रकाश पडतो. एक चमक सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याच्या आतबाहेर टिकते.

ही चमक ‘लाटेच्या दाबाने’ पडते, असे सर्रास म्हटले जाते. ते सैल विधान आहे. पाण्याचा स्थिर दाब पेशीवर सर्व बाजूंनी सारखाच पडतो. पेशीचा आकार बिघडवतात ते लगतचे, वेगवेगळ्या गतीने सरकणारे पाण्याचे थर. या गटातील काही जातींना चमकण्यास दर चौ. मी.ला ०.१ न्यूटनच्या आसपासचे कर्तन प्रतिबल (थर एकमेकांवरून सरकताना पडणारा ताण) पुरते. उलट १० मी. खोल गेल्यास स्थिर दाब दर चौ. मी.ला सुमारे १ लाख न्यूटनने वाढतो. ही तफावत पाहता कर्तनाचे स्पष्टीकरणच अधिक ग्राह्य वाटते.

खऱ्या उच्च दाबाचे प्रयोग दीप्तिमान जिवाणूंवर झाले. जॉन्सन, ब्राउन व मार्सलँड यांना १९४२ च्या सुमारास असे आढळले की, काहीशे वातावरणे (१ वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब) दाब दिल्यास अनुकूल तापमानाच्या खाली प्रकाश मंदावतो, तर त्याच्या वर तो वाढतो. उष्णतेने उलगडून निकामी होणाऱ्या एंझाइमाचे आकारमान वाढते आणि दाब त्या उलगडण्याला विरोध करतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. रात्री झाकून ठेवलेल्या मासळीवर कधीकधी दिसणारा फिकट उजेडही अशाच जिवाणूंचा.

सागरमग्न खंडभूमीच्या (खंडाच्या पाण्याखालील उथळ भागाच्या) कडेशी, सु. २०० मी. खोलीवर, पाण्याचा दाब २० वातावरणांच्या आसपास असतो. मच्छीमार होड्या वावरतात ते किनाऱ्यालगतचे पाणी त्याहून बरेच उथळ असल्याने तेथील उजेडाच्या कमीजास्तपणाला उच्च दाब कारण होत नाही.