बिलाच्या तळाशी छापलेले दहा टक्के

सेवा शुल्क, म्हणजे हॉटेलवाले स्वतःसाठी लावतात तो ‘सर्व्हिस चार्ज’, हॉटेलला परस्पर बिलात धरता येणार नाही, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी दिला. त्या आठवड्यात माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना वाटलं की टीप द्यायची पद्धत बंद झाली. काहींना वाटलं, जीएसटी कमी झाला. एका काकांनी तर सेवाकर, म्हणजे सरकारचा ‘सर्व्हिस टॅक्स’, परत मिळणार का, असं विचारलं. सेवाकर जाऊन तेव्हा पावणेआठ वर्षं झाली होती. मी त्यांना हसू शकलो नाही, कारण जेवणाच्या बिलात ‘सेवा’ हा शब्द इतक्या वाटांनी शिरलाय की भल्याभल्यांचा घोटाळा व्हावा. तो कसा शिरला हे एकदा नीट मांडावं म्हणून हे टिपण.

फार मागे जायचं कारण नाही, पण एक जुनं चित्र डोळ्यासमोर हवं. इराण्याकडे किंवा उडप्याकडे खाणं झालं की कागद हातात यायचा नाही. तुम्ही उठलात की वेटर टेबलापासूनच गल्ल्याकडे आवाज टाकायचा, ‘पुढे बारा रुपये!’ तुम्ही गल्ल्यापर्यंत पोचेस्तोवर मालकाने सुटे काढून ठेवलेले असायचे. बारा म्हणजे बारा. वेटरने सांबार न मागता दुसऱ्यांदा वाढलं असेल, पोराला पाण्याचा पेला अर्धा भरून दिला असेल, तर बडीशेपेच्या बशीत एखादं नाणं राहायचं. नसेल वाढलं तर नाही. खानावळीत एवढंही नव्हतं. गिरणगावातला गडी महिन्याचे पैसे भरायचा आणि आमटी फारच पातळ व्हायला लागली की पुढच्या महिन्यात दुसरीकडे डबा लावायचा. चव आणि वागणूक जोखायची आणि त्याप्रमाणे हात सैल किंवा आखडता घ्यायचा, हे गिऱ्हाइकाच्या हातात होतं. माझ्या मते सगळा वाद याच एका गोष्टीचा आहे, आणि कायद्याच्या चर्चेत नेमकी तीच मागे पडते.

कायद्यात सुरुवात झाली ती भलत्याच प्रश्नाने. हॉटेलात आपण जेवतो तेव्हा नेमकं काय विकत घेतो? पदार्थ की पाहुणचार? १९७८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर दिल्लीतलं एक प्रकरण आलं. राज्यांना हॉटेलच्या जेवणावर विक्रीकर हवा होता, हॉटेलवाल्यांचं म्हणणं होतं की ही विक्रीच नव्हे. न्यायालयाने हॉटेलवाल्यांची बाजू उचलून धरली. उपाहारगृहात जेवण वाढणं ही सेवा आहे, माणसाची एक गरज भागवणं आहे, वस्तूची विक्री नाही, असं ठरलं. त्यासाठी दिलेल्या कारणांपैकी एक मला फार बोलकं वाटतं. ताटात उरलेलं अन्न उचलून घरी न्यायचा गिऱ्हाइकाला हक्क नसतो, म्हणजे ते अन्न पूर्णपणे त्याच्या मालकीचं झालेलंच नसतं. आज ‘उरलेलं पॅक करून द्या’ म्हटल्यावर वेटर निमूटपणे डबी आणतो. तेव्हाचं हॉटेल किती वेगळं होतं, हे त्या एका वाक्यावरून कळतं.

राज्यांचा महसूल बुडाला. म्हणून १९८२ मध्ये घटनेत ४६वी दुरुस्ती झाली आणि २ फेब्रुवारी १९८३ पासून हॉटेलातलं जेवण करापुरतं ‘विक्री’ मानलं जाऊ लागलं. त्यानंतर आपल्या बिलात विक्रीकर आला. २००५ मध्ये महाराष्ट्रात त्याची जागा व्हॅटने घेतली.

पुढची गाठ मारली केंद्राने. जेवण ही विक्री आहे, मान्य, पण त्यात थंडगार हवा आहे, वाढणारा माणूस आहे, बसायला खुर्ची आहे, म्हणजे थोडी सेवाही आहेच. १ मे २०११ पासून वातानुकूलित आणि दारूचा परवाना असलेल्या हॉटेलांवर सेवाकर लागला. १ एप्रिल २०१३ पासून परवान्याची अट गेली आणि एसी असलेलं हरेक हॉटेल त्यात आलं. तेव्हा कर बिलाच्या ४० टक्के रकमेवर लागायचा. याचा अर्थ नीट बघायला हवा. शंभर रुपयांच्या जेवणात चाळीस रुपयांची सेवा आहे, असं सरकारने हिशेबापुरतं मान्य केलं होतं. म्हणजे वाढणाऱ्याचे कष्ट, टेबल पुसणं, एसीचं बिल, हे सगळं मेनूकार्डावरच्या किमतीत आधीच धरलेलं आहे. सेवाकराचा दर उपकरांसह वाढत वाढत जून २०१६ मध्ये पूर्ण बिलावर सहा टक्के पडायला लागला.

नेमक्या याच वर्षांत मॉलमधल्या आणि नव्या धाटणीच्या हॉटेलांनी मोठ्या तारांकित हॉटेलांची एक रीत उचलली. बिलाच्या तळाशी पाच, दहा, कुठे पंधरा टक्के ‘सर्व्हिस चार्ज’. आणि लगेच त्याच्याखाली ‘सर्व्हिस टॅक्स’. दोन ओळी, एकीखाली एक, पहिला शब्द तोच. वरची रक्कम मालकाची, खालची सरकारची. छोट्या अक्षरात, अंधूक दिव्याखाली, बरोबर पाहुणे असताना हे वेगळं करून कोण वाचणार? बहुतेकांनी दोन्ही सरकारी समजून भरलं. काही ठिकाणी तर नुसतं ‘एस. सी.’ छापलेलं मी पाहिलंय. ही चूक अनवधानाने झाली असं म्हणायला माझी जीभ वळत नाही.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने एप्रिल २०१७ मध्ये स्पष्ट केलं की सेवा शुल्क ऐच्छिक आहे. पण ते नुसतं मार्गदर्शन होतं. लगेच १ जुलैला जीएसटी आला, सेवाकर गेला, आणि लोकांना वाटलं प्रश्न सुटला. सुरुवातीला एसी हॉटेलात १८ टक्के आणि बिगर एसीत १२ टक्के असा दर होता. महागड्या खोल्यांच्या हॉटेलांतली उपाहारगृहं सोडून बाकीच्यांसाठी १५ नोव्हेंबर २०१७ पासून तो ५ टक्क्यांवर आला. आता गंमत अशी की जीएसटी कायद्यात हॉटेलचं जेवण पुन्हा ‘सेवा’ ठरलं. १९७८ मध्ये सेवा, १९८३ पासून विक्री, २०११ पासून थोडी विक्री थोडी सेवा, २०१७ पासून परत सेवा. ताटातली भाजी तीच.

त्याच वर्षी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा पाण्याच्या बाटलीचा निकाल आला. हॉटेलात बसून बाटली मागवली तर छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेता येतील, कारण तिथे नुसती बाटली विकली जात नाही, बसण्याची जागा आणि वातावरणही दिलं जातं, असं त्यात धरलं गेलं. हा निकाल लक्षात ठेवावा. वातावरणाचे पैसे बाटलीच्या किमतीत घेतले, तर तळाच्या दहा टक्क्यांत कशाचे घेतले, हा प्रश्न इथून सुरू होतो.

हे सगळं कागदावर कळतं, पण टेबलाशी काय घडतं ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होणार नाही. २०२३ च्या दिवाळीत आम्ही पाच जण ठाण्यातल्या एका मासळीच्या हॉटेलात गेलो होतो. कोंबडी-वडे वेळेवर आले, सोलकढी मात्र कोमट. आईची तळलेली सुरमई आली तेव्हा बाकीच्यांचे हात वाळले होते. एकच वेटर आठ टेबलं सांभाळत होता. बिल आलं: जेवण २,८४० रुपये, सेवा शुल्क १० टक्के म्हणजे २८४ रुपये, आणि त्या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी, १५६ रुपये २० पैसे. एकूण ३,२८० रुपये २० पैसे. म्हणजे ज्या २८४ रुपयांवर वाद आहे, त्यांच्यावरही आम्ही कर भरत होतो. मी सेवा शुल्क काढायला सांगितलं. मॅनेजर आला, म्हणाला, ‘साहेब, सिस्टीममधून निघत नाही.’ आई म्हणाली, ‘जाऊ दे रे, सणाचं कशाला.’ आणि तो वेटर शेजारीच लिंबू घातलेल्या कोमट पाण्याच्या वाट्या घेऊन उभा, मान खाली. आपल्यामुळे काही झालं की काय, असा चेहरा. खरं तर त्याचा काही दोष नव्हता. दोष आठ टेबलांमागे एक माणूस ठेवणाऱ्याचा होता. आम्ही सगळे पैसे भरले. बाहेर पडताना त्याला वेगळे पन्नास दिले आणि विचारलं, ते दहा टक्के तुम्हाला मिळतात का? म्हणाला, ‘पगारातच धरलंय म्हणतात.’

हॉटेलवाल्यांची बाजू मला मान्य नसली तरी ऐकण्यासारखी आहे. टीप फक्त पुढे दिसणाऱ्याला मिळते, आत भट्टीशी उभा असलेला आणि मोरीवर भांडी घासणारा पोरगा कोरडाच राहतो. सगळ्यांत वाटणी व्हायची तर पैसे एकत्र गोळा व्हायला हवेत, हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण मग पदार्थाचे भाव वाढवा आणि पगार द्या की. मेनूकार्डावर कोंबडी-वड्याचे किती पैसे लावायचे, यावर कोणताही कायदा आडवा येत नाही. भाव वाढवले तर गिऱ्हाईक दारातून मागे फिरेल, आणि तळाशी दहा टक्के लावले तर ते जेवण पोटात गेल्यावरच दिसतील, एवढाच फरक आहे. आणि वाटणी खरंच होते का, किती होते, हे टेबलावर बसलेल्याला कळायची काही सोय नाही.

४ जुलै २०२२ रोजी ग्राहक हक्कांसाठी नेमलेल्या केंद्रीय प्राधिकरणाने २०१७ पेक्षा कडक मार्गदर्शक सूचना काढल्या. सेवा शुल्क आपोआप बिलात लावायचं नाही, दुसऱ्या कुठल्या नावानेही घ्यायचं नाही, ते दिलं नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवायचं नाही, आणि ते बेरजेत घालून वर जीएसटी लावायचा नाही. तक्रारीसाठी १९१५ ही हेल्पलाइन. हॉटेलवाल्यांच्या दोन संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि १६ दिवसांत, २० जुलैला, या सूचनांना स्थगिती मिळाली. अट एवढीच की शुल्क घेतलं जातं हे मेनूकार्डावर किंवा इतरत्र ठळक दिसलं पाहिजे आणि पार्सलवर ते घ्यायचं नाही.

ही स्थगिती पावणेतीन वर्षं चालली. दरम्यान सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने एका संघटनेच्या सभासदांना सांगितलं की ‘सर्व्हिस चार्ज’ऐवजी ‘स्टाफ काँट्रिब्युशन’ म्हणा, १० टक्क्यांच्या वर जाऊ नका आणि हे दिल्यावर वेगळी टीप द्यायची गरज नाही, असं मेनूकार्डावर ठळक छापा. मराठीत ‘कर्मचारी अंशदान’ म्हणावं लागेल. अंशदान म्हटलं की आपल्याला भविष्य निर्वाह निधी आठवतो, म्हणजे पगारातून आपोआप कापलं जाणारं काहीतरी. गोंधळ कमी करायला आणलेल्या शब्दाने तो वाढवला, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ‘वेगळी टीप नको’ या ओळीने वेटरच्या बशीतलं नाणंही उचललं.

मार्च २०२५ च्या निकालाने दोन्ही याचिका फेटाळल्या आणि प्रत्येक याचिकाकर्त्याला एक लाख रुपये दंडखर्च लावला. प्राधिकरणाचं काम नुसता सल्ला देण्याचं नसून त्याला अशा सूचना काढण्याचा अधिकार आहे, हे त्यात स्पष्ट झालं. सक्तीचं सेवा शुल्क हे लोकांना सरकारी करासारखं वाटतं, हेही न्यायालयाने मान्य केलं. टीप राहिली. ती स्वखुशीची आहे, आणि रक्कम गिऱ्हाइकाने ठरवायची.

या सगळ्या काळात चव आणि वागणूक जोखायचं काम मात्र फोनवर गेलं होतं. २००८ मध्ये दिल्लीत हॉटेलांची मेनूकार्डं स्कॅन करून इंटरनेटवर टाकण्यापासून सुरू झालेला एक उद्योग बघता बघता घराघरांत पोचला आणि पाच तारे ही आपली भाषा झाली. तारे देणं सोपं आहे, मीही देतो. त्या रात्री ठाण्याच्या हॉटेलला मी दोन तारे दिले. दुसऱ्या दिवशी त्यांचं छापील साच्यातलं दिलगिरीचं उत्तर आलं. २८४ रुपये त्यांच्याकडेच राहिले, आणि ते दोन तारे आठ टेबलं सांभाळणाऱ्या त्या वेटरच्या नावावर तर पडले नसतील ना, ही रुखरुख मला अजून आहे.

संघटनांनी मार्चच्या निकालाविरुद्ध अपील केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठासमोर ते चाललं, तेव्हा चर्चा पाण्याच्या बाटलीवर आली. वीस रुपयांच्या बाटलीचे शंभर रुपये वातावरणासाठी म्हणून घेताच, मग वर सेवा शुल्क वेगळं कशाचं, असं पीठाने हॉटेलवाल्यांच्या वकिलांना विचारलं.