शिवशिवणारे हात आणि बिघडलेला माल

विकलेला माल कंपनीला परत मागवावा लागला की त्याची बातमी होते. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगांमधलं अमोनियम नायट्रेट उष्णतेनं आणि दमटपणानं वर्षानुवर्षं खराब होत गेलं. अपघातात एअरबॅग फुगताना आतला धातूचा डबा फुटायचा आणि त्याचे तुकडे माणसांना लागायचे. कोट्यवधी एअरबॅग बदलायची वेळ आली आणि २०१७ मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. असं काही वाचलं की आपण म्हणतो, ‘लक्ष द्यायला नको का?’

लक्ष द्यायला हवंच. पण कारखान्यात लक्ष देणं म्हणजे काय, हे वाटतं तेवढं सोपं नाही.

आधी खर्चाचं बघू. खराब मालाचा खर्च म्हटलं की स्क्रॅपचा डबा डोळ्यांपुढे येतो. पण त्यातलं लोखंड हा सगळ्या हिशेबातला स्वस्त भाग. तो नग घडवताना गेलेली वीज आणि मशीनचा वेळ, रीवर्कसाठी, म्हणजे चुकलेला नग दुरुस्त करायला, केलेला ओव्हरटाइम, संशयावरून अडवलेला लॉट पुन्हा मोजत बसलेली माणसं, ‘असू द्या जवळ’ म्हणून भरून ठेवलेला जादा साठा, हे सगळं वेगवेगळ्या खात्यांत विरून जातं. आर्मंड फायगेनबॉम या गुणवत्तातज्ज्ञानं याला कारखान्यातला छुपा कारखाना म्हटलं होतं. तो पगार खातो, जागा खातो, आणि विकण्याजोगं काहीच बनवत नाही. त्यात चूक जितकी उशिरा सापडेल तितकी महाग पडते. शाफ्टची साइज लेथवरच चुकलेली कळली तर एक नग जातो, गिअरबॉक्समध्ये बसल्यावर कळली तर गिअरबॉक्स उघडावा लागतो, आणि ग्राहकाकडे कळली तर त्याचं यंत्र बंद पडलेलं असतं.

इथवर बहुतेकांना पटतं. पटायला जड जातं ते पुढचं. या छुप्या कारखान्यातला बराचसा कच्चा माल आळशी नव्हे, तर कळकळीची माणसं पुरवतात.

समजा, एका लेथवर २० मिमी व्यासाचे शाफ्ट निघताहेत. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालेल इतका फरक, आहे ३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) कमी किंवा जास्त. कुठलंही मशीन दोन नग हुबेहूब सारखे काढत नाही. बारमधला कमी-जास्त कडकपणा, कूलंटचं तापमान, स्पिंडलची सूक्ष्म थरथर अशा शेकडो बारक्या गोष्टी मिळून साइज इकडेतिकडे हलते. या हलण्याचं माप, म्हणजे प्रमाण विचलन, १० मायक्रॉन आहे असं धरू. मशीन नेमकं २० वर सेट असेल आणि साइजची विभागणी शाळेत पाहिलेल्या घंटेच्या आकाराची असेल, तर १०,००० नगांत सुमारे २७ टॉलरन्सबाहेर जातील.

आता मशीनवर एक मन लावून काम करणारा ऑपरेटर आहे. प्रत्येक नग निघाला की तो मायक्रोमीटर लावतो. साइज १२ मायक्रॉननं चढली? लगेच १२ मायक्रॉनचा उलटा ऑफसेट, म्हणजे मशीनचं सेटिंग तेवढं उलट सरकवायचं. पुढचा नग ५ नं उतरला? पुन्हा ५ वर. कुणीही शाबासकी द्यावी असं काम. पण त्याचे खराब नग किती निघतील? १०,००० मागे सुमारे ३४०. बारा पटींहून जास्त!

हे का होतं, ते मला फार आवडतं. पहिला नग १२ नं चढला तो मशीनचं सेटिंग चुकलं म्हणून नव्हे, त्या क्षणीच्या योगायोगामुळे. तो योगायोग नगाबरोबर निघून गेला. ऑपरेटरनं मात्र त्याची उलटी प्रतिमा सेटिंगमध्ये कोरून ठेवली. पुढच्या नगाला आता स्वतःची चूक आहेच, वर मागच्याची उलटी चूकही आहे. म्हणजे प्रत्येक नगाची चूक = आत्ताची चूक वजा मागची चूक. वजाबाकीनं काहीतरी कमी होईल असं वाटतं, पण दोन फासे टाकून एकातून दुसरा वजा करून पाहा. एका फाशाचा पल्ला १ ते ६, वजाबाकीचा थेट उणे ५ ते अधिक ५. स्वतंत्र गोष्टींची बेरीज करा की वजाबाकी, त्यांच्या प्रमाण विचलनांच्या वर्गांची बेरीजच होते. १०० अधिक १०० म्हणजे २००, त्याचं वर्गमूळ सुमारे १४.१. प्रमाण विचलन १० वरून १४ वर गेलं, आणि घंटेच्या कडा इतक्या उताराच्या असतात की तेवढ्यानं बाहेर सांडणारे नग बारा पट होतात. अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ विल्यम एडवर्ड्स डेमिंग हीच गोष्ट नरसाळं आणि गोटी घेऊन दाखवत.

भूतप्रेत मी मानत नाही, पण मागच्या नगाचं भूत पुढच्याच्या मानगुटीवर बसतं हे गणितानं सिद्ध आहे! ‘अमका रात्रपाळीला आला की माल बिघडतो’ हा समज बऱ्याचदा याच जातीचा. योगायोगाला कारण चिकटवायचं, मग त्या कारणावर उपाय करायचा. अपशकुन मानणाऱ्याला आपण हसतो. काल रिजेक्शन ३ होतं, आज ५ का झालं, याचा जाब मागणाऱ्या मॅनेजरला हसत नाही.

मग हात कधी लावायचा? १९२४ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये वॉल्टर शूहार्ट यांनी जेमतेम पानभर टिपण वरिष्ठांना दिलं, त्यात पहिला कंट्रोल चार्ट होता. मधोमध सरासरीची रेघ, वर-खाली तीन प्रमाण विचलनांवर दोन रेघा, आणि प्रत्येक मोजमापाचा एक ठिपका. ठिपके रेघांच्या आत विस्कळीत पडताहेत तोवर मशीन आपल्या स्वभावानं वागतंय. तो स्वभाव सुधारायचा तर मशीन, मटेरियल किंवा पद्धत बदलावी लागते. दर नगाला ऑफसेट बदलून काही होत नाही. या रेघा ड्रॉइंगवरून आखायच्या नसतात, मशीनच्याच मोजमापांतून काढायच्या असतात. भिंतीवर ‘शून्य दोष’चे फलक आणि सिक्स सिग्मा या गुणवत्तापद्धतीची प्रमाणपत्रं मिरवणाऱ्यांचीही इथे हटकून गफलत होते.

आपल्या ऑपरेटरनं हा चार्ट मशीनशेजारी लावला आणि सकाळभर ऑफसेटला हात लावला नाही. दुपारनंतर ठिपके सरासरीच्या वरच पडू लागले, एकामागून एक, सलग आठ. एरवी सलग आठ ठिपके एकाच बाजूला पडण्याची शक्यता १२८ त एक. म्हणजे हा बहुधा योगायोग नाही. आता त्यानं मशीन थांबवायचं, आणि ऑफसेट देण्याआधी टूलची धार किती झिजली ते बघायचं.