मिश्र फिल्टर पावडर आणि शुद्ध कॉफी: कडकपणा येतो कुठून?

इन्स्टंट कॉफीवर शब्द खर्च करत नाही. ती पाण्यात विरघळते, गाळावी लागत नाही, तिचा विषय संपला. पुण्याच्या फर्ग्युसन रस्त्यावर वैशाली-रूपालीत फिल्टर कॉफी पीत मोठ्या झालेल्या माणसाला एवढा फरक ठाऊक असतोच. गल्लत होते ती पुढे, कॉफी दळून देणाऱ्या दुकानात. ‘जरा कडक द्या’ म्हटलं की पावडरीत चिकोरी वाढते. घरी काळीभोर कॉफी होते आणि पिणाऱ्याची खात्री पटते की हीच खरी कडक. ही समजूत इतक्या घरांत ऐकली आहे की आता सविस्तर लिहायलाच हवं.

चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे. ते एका वनस्पतीचं मूळ. वाळवून, भाजून, दळून ते कॉफीत मिसळतात. आपल्याकडे त्याची लागवड मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात होते. त्यात कॅफिन अजिबात नसतं. रंग मात्र भरपूर, कारण भाजताना मुळातल्या साखरेचं कॅरमेल होतं. कपातला दाटपणा आणि मागे रेंगाळणारी कडसर-गोड चवही बरीचशी तिचीच. म्हणजे शंभर ग्रॅम पावडरीत चाळीस ग्रॅम चिकोरी असेल, तर कॉफी साठच ग्रॅम आणि तरतरीही तेवढ्याचीच. चिकोरी वाढवली की कॉफी कमी होते. रंगामुळे ते लक्षात येत नाही, इतकंच. कायद्याने मिश्रणात ५१ टक्के कॉफी असली तरी चालते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ती बारीक ओळ वाचल्याशिवाय पाकीट घेऊ नका.

सुट्या पावडरीचा संशय आला तर काचेच्या ग्लासात गार पाणी घ्या आणि वर चिमूटभर पावडर भुरभुरवा. कॉफी बराच वेळ तरंगते. चिकोरी लगेच बुडू लागते आणि तिच्यामागे तपकिरी रेघा उतरतात.

खरा कडकपणा हवा असेल तर पाणी तेवढंच ठेवून पावडर वाढवा. दुसरा मार्ग बियांचा. कॉफीच्या मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा: रोबस्टात अरेबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफिन असतं, म्हणून थोडी रोबस्टा मिसळून घ्या. डार्क रोस्टबद्दलही हाच गैरसमज आहे. जास्त भाजल्याने कडवटपणा वाढतो, कॅफिन वाढत नाही.

चिकोरीशी माझं वैर नाही. भरपूर दूध घातलेल्या फिल्टर कॉफीत पंधरा टक्के चिकोरी मला आवडते. ती पाणी धरून ठेवते, त्यामुळे पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमधून डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, सावकाश झिरपतं आणि दाट उतरतं. वीसच्या वर मात्र माझ्या घरी मिळणार नाही. चाळीस टक्क्यांचं मिश्रण कॉफीच्या भावात विकत घेणं मला पटत नाही.

उपकरण निवडताना हे लक्षात ठेवा: चिकोरी फक्त दक्षिणी फिल्टरमध्ये. मोका पॉट (वाफेच्या दाबाने कॉफी काढणारं भांडं), फ्रेंच प्रेस (कॉफी भिजवून जाळी दाबून गाळायचं भांडं), कागदी फिल्टरचं पोर ओव्हर (वरून पाणी ओतून गाळणं) यांत शुद्ध कॉफीच घाला. ज्या दाटपणासाठी चिकोरी घालतात, तोच तिथे आड येतो. कागदातून पाणी उतरेनासं होतं आणि प्रेसमध्ये तळाशी चिखल साचतो. दळण दक्षिणी फिल्टरला बारीक, मोकाला त्याहून किंचित जाडसर, पोर ओव्हरला मध्यम, प्रेसला रव्यासारखं भरड. मोकात पावडर दाबू नका.

आणि कृपा करून चांगल्या बिया मिक्सरमध्ये फिरवू नका. पातं काही बियांची भुकटी करतं, काहींचे नुसते तुकडे. भुकटी कडू उतरते, तुकडे आंबट राहतात. चक्कीचा हाताने फिरवायचा ग्राइंडर घ्या. तोवर दुकानातच दळून आणा आणि नेमकं सांगा: ‘चिकमगळूरची अरेबिका सत्तर, रोबस्टा तीस, चिकोरी नको, फिल्टरसाठी बारीक.’ दुधाच्या कॉफीसाठी चिकोरी हवीच असेल तर तिचा आकडाही स्वतःच सांगा. पावसाळ्यात पाव किलोऐवजी शंभर ग्रॅमच घ्या, कारण चिकोरी हवेतला ओलावा ओढते आणि पुण्याच्या जुलैत उघड्या डब्यातल्या मिश्र पावडरीचे पाहता पाहता गोळे होतात.