युरोव्हिजन गीतस्पर्धेतील पोर्तुगाल

युरोपीय प्रसारण संघातर्फे दरवर्षी भरणाऱ्या आणि दूरचित्रवाणीवरून थेट दाखवल्या जाणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेत पोर्तुगाल १९६४ पासून उतरतो आहे. आरटीपी ही तिथली सरकारी वाहिनी ‘फेस्टिव्हाल दा कान्साँव’ या देशांतर्गत स्पर्धेतून गाणे निवडते. पहिले विजेतेपद ५३ वर्षांनी, २०१७ मध्ये मिळाले. तोवरची सर्वोत्तम कामगिरी म्हणजे १९९६ चा सहावा क्रमांक. गंमत अशी, की या देशाचे इतिहासात गेलेले युरोव्हिजन गीत स्पर्धेत तळाला होते.

पदार्पण कोपनहेगनला झाले. अंतोनियु काल्व्हारियु यांच्या गाण्याला शून्य गुण पडले, आणि त्याच कार्यक्रमात एक निदर्शक स्पेनचे हुकूमशहा फ्रँको व पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्यावर बहिष्कार टाका असा फलक घेऊन थेट मंचावर चढला. गोवा हातचा जाऊन तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षे झाली होती. आफ्रिकेतल्या वसाहती मात्र सालाझार राजवट शस्त्रबळावर धरून होती. १९६७ मध्ये याच राजवटीच्या वाहिनीने अंगोलात जन्मलेल्या एदुआर्दु नासिमेंतु या कृष्णवर्णीय गायकाला पाठवले, तेही अंगोलात मुक्तियुद्ध पेटलेले असताना.

६ एप्रिल १९७४ रोजी ब्रायटनमध्ये स्वीडनच्या ‘आबा’ या पॉप गायकवृंदाने बाजी मारली. पाउलु द कार्व्हाल्यु यांच्या ‘ई देपॉइश दु अदेउश’ला, म्हणजे ‘आणि निरोपानंतर’ला, अवघे ३ गुण मिळाले आणि ते इतर तीन देशांबरोबर शेवटच्या जागेवर राहिले. अठरा दिवसांनी, २४ एप्रिलच्या रात्री १० वाजून ५५ मिनिटांनी, लिस्बनच्या एका रेडिओ केंद्राने तेच गाणे लावले. बंडाच्या तयारीत असलेल्या लष्करी अधिकाऱ्यांसाठी ती ठरलेली खूण होती. प्रेमभंगाचे साधे गाणे, राजकारणाचा वासही नाही. ते लागल्याने कोणाला संशय येण्याचे कारण नव्हते. मध्यरात्रीनंतर १२ वाजून २० मिनिटांनी जुझे अफोन्सु यांचे ‘ग्रांदुला, व्हिला मुरेना’ हे दुसरे गाणे वाजले आणि तुकड्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी राजवट कोसळली. गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने मान्य केले ते या ‘कार्नेशन क्रांती’नंतरच, ३१ डिसेंबर १९७४ च्या करारान्वये. पुढच्या वर्षी युरोव्हिजनला गायला गेलेले दुआर्ते मेंदेश हे स्वतः बंडात सामील झालेले कॅप्टन होते.

नंतरची चार दशके यथातथाच. १९९७ मध्ये पुन्हा शून्य. २०००, २००२, २०१३ आणि २०१६ मध्ये सहभागच नाही. मग २०१७ मध्ये कीव्हला गायक साल्व्हादोर सोब्राल आले. गाणे ‘अमार पेलुश दॉइश’, म्हणजे ‘दोघांच्या वाटचे प्रेम’; शब्द आणि चाल बहीण लुइझा हिची. ढगळ काळा कोट, मागे बांधलेले केस, प्रेक्षकांमधला छोटा गोल मंच. ना नर्तक, ना आतषबाजी. मराठी कानांना भावगीतच वाटावे असे ते तीन मिनिटांचे गाणे. सोब्राल यांचे हृदय इतके कमकुवत होते, की सुरुवातीच्या तालमींत त्यांच्या जागी लुइझा गायली. त्याच डिसेंबरात त्यांच्यावर हृदयप्रत्यारोपण झाले. परीक्षक आणि प्रेक्षक दोघांच्याही मतांत ते पहिले आले; एकूण गुण ७५८, तेव्हाचा उच्चांक. इंग्रजीकडे धावणाऱ्या या स्पर्धेत पोर्तुगीज भाषा न सोडता हे घडले, हे विशेष. अथपासून इतिपर्यंत इंग्रजी असे गाणे पोर्तुगालने २०२१ मध्ये पहिल्यांदा पाठवले.

विजेत्याच्या देशात पुढची स्पर्धा भरते, त्या रीतीने २०१८ ची अंतिम फेरी लिस्बनला झाली. घरच्या अंगणात यजमानांचे गाणे सव्वीसांत सव्विसावे आले.