खुलासा: मोझार्टला सुरावट ‘आयती’ सुचत नव्हती

‘कलावंताला वेळापत्रक नसतं, लहर आली की तो एका बैठकीत सगळं उतरवतो’ या समजुतीला आधार म्हणून अठराव्या शतकातील ऑस्ट्रियन संगीतकार मोझार्टचं एक पत्र वर्षानुवर्षं दाखवलं जातं. संपूर्ण रचना डोक्यात तयार होते, कागदावर फक्त उतरवायची, असा त्याचा सूर. हे पत्र 1815 साली, म्हणजे मोझार्टच्या मृत्यूनंतर 24 वर्षांनी, रोखलिट्झ या संपादकाने जर्मन संगीत नियतकालिकात छापलं. अभ्यासक ते बनावट मानतात.

खरं पत्र वेगळं आहे. फेब्रुवारी 1782 मध्ये व्हिएन्नाहून मोझार्टने बहिणीला आपला दिवस कळवला. सहाला केस विंचरून तयार, सातला कपडे करून सज्ज, नऊपर्यंत लेखन. नऊ ते एक शिकवण्या, कारण पोट त्यावर चालायचं. मग जेवण. संध्याकाळी पाच-सहाच्या आधी पुन्हा कामाला बसता येत नसे, आणि मैफल असली तर तीही वेळ गेली. म्हणून रात्री घरी परतल्यावर, कधी एक वाजेपर्यंत, तो लिहीत बसे. सकाळी सहाला पुन्हा उठायचंच!

यात लहर कुठे आहे? इथे शिकवण्यांच्या आगेमागे जपून ठेवलेले तास आहेत. 1785 साली ज्येष्ठ संगीतकार हायडनला अर्पण केलेल्या सहा चतुष्टकांना (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनांना) तर त्याने स्वतःच दीर्घ, कष्टाच्या श्रमांचं फळ म्हटलं आहे.

प्रतिभा होतीच, अफाट होती. पण खोट्या पत्रामुळे तिच्यामागची मेहनत झाकली गेली, आणि रोज ठरल्या वेळी बसणाऱ्या कितीतरी नवोदितांना उगाच वाटत राहिलं की आपण खरे कलावंत नाही.