कोंबडी सुकतेय: क्षय की मरेक?

कोंबडी लंगडते, खाऊनपिऊनही सुकत जाते आणि शेवटी कापली तर कलेजीवर पांढऱ्या-पिवळ्या गाठी दिसतात. धडगावच्या पाड्यावर असो की साक्री-पारोळ्याकडच्या गावात, परसातल्या कोंबड्यांमध्ये हे दिसलं की कुणी ‘मर लागली’ म्हणतं, कुणी ‘मानमोडी’. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, तेव्हापासून तर मेलेली कोंबडी दिसली की आपल्या खानदेशात आधी तेच नाव तोंडी येतं. पण बर्ड फ्लू आणि मानमोडी (म्हणजे राणीखेत) काही दिवसांत खुराडं रिकामं करतात. एकेक पक्षी आठवडेच्या आठवडे झिजत असेल तर संशय दुसरीकडे न्यायला हवा, आणि तिथे क्षय (टीबी) आणि मरेक या दोन आजारांची गल्लत फार होते.

सगळ्यात आधी वय विचारा. मरेक हा तरण्या पक्ष्यांचा आजार, साधारण तीन ते सहा महिन्यांच्या तलंगांचा. क्षय मात्र हळू पिकतो, म्हणून तो बहुतेक वर्षाच्या पुढच्या कोंबडीत दिसतो. ब्रॉयलर सहा-सात आठवड्यांत विकला जातो, अंड्यांची कोंबडी दीडेक वर्षात काढली जाते, त्यामुळे मोठ्या फार्मवर क्षयाला वाढायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे मात्र ‘चांगली खुडूक बसते’ म्हणून एखादी कोंबडी चार-चार वर्षं ठेवतात. क्षय शोधायचा तर आधी तिच्याकडे पाहावं.

लंगडण्यातही फरक आहे. मरेक विषाणूचा आजार. तो नसांवर बसतो, म्हणून पाय लुळा पडतो. एक पाय पुढे, एक मागे ताणून बसलेली तलंग पाहिली की विसरत नाही. दाणे समोर ठेवले तर ती खाते, पण दाण्यापर्यंत जाता येत नाही म्हणून उपाशी राहते. काहींच्या डोळ्याचं बुबुळही करडं पडतं. क्षयाच्या कोंबडीच्या नसा ठीक असतात. जंतू हाडाच्या मगजात किंवा सांध्यात शिरल्याने ती एका पायावर उड्या मारत चालते. खाणं चालूच असतं, तरी छातीचं मांस झडून मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागतं. तुरा फिका पडतो, पुढे हगवण लागते.

पोट फाडल्यावर कलेजी पाहून निकाल देण्याची घाई सगळेच करतात. गाठी दोन्हींत असतात, म्हणून नुसत्या कलेजीवर विसंबू नका. मांडीच्या आतल्या बाजूचा स्नायू बाजूला करा. तिथे पायात जाणारी मोठी नस दिसेल. निरोगी असेल तर ती पांढरी, चकचकीत, आडव्या बारीक रेघांची दिसते. मरेकमध्ये ती सुजून करडी होते, दोन्ही पायांच्या नसा शेजारी धरल्या तर एक जाड वाटते. मग आतड्यावरून बोट फिरवा. क्षयात आतड्याच्या भिंतीवर कडक गाठी बाहेर आलेल्या असतात, आणि कलेजीतली गाठ सुरीच्या टोकाने अलगद सुटून निघते. मांडीचं हाड फोडलं तर मगजातही पिवळट दाणे सापडू शकतात. माणसाच्या क्षयासारखी फुप्फुसं पाहत बसू नका. कोंबडीत हा आजार तोंडावाटे येतो, फुप्फुस बहुधा सुटतं.

खात्री मात्र डोळ्यांनी होत नाही. ल्युकोसिस नावाचा तिसरा आजारही अशाच गाठी करतो. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. तिथे आम्लरोधी रंगछटेत, म्हणजे जंतू खास रंगाने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की, क्षयाचे जंतू लाल दिसतात.

मला या दोन आजारांतला सर्वांत मोठा फरक वाटतो तो जमिनीचा. मरेकचा विषाणू पिसांच्या कोंड्यातून हवेत पसरतो, तोही बरेच महिने टिकतो, पण त्यावर लस आहे. ती एक दिवसाच्या पिल्लाला मानेत टोचतात. गाठी आणि लुळेपणा ती टाळते, संसर्ग नाही. घरच्या खुडुकीखाली निघालेल्या पिल्लाला ती मिळतच नाही, म्हणून हॅचरीतून घ्याल तेव्हा ‘मरेकची लस टोचलीय का’ हे विचारायलाच हवं. क्षयाला मात्र कोंबड्यांसाठी लसही नाही आणि उपचारही करू नयेत. आतड्यातल्या गाठी फुटून विष्ठेतून जंतू बाहेर पडतात आणि मातीत काही वर्षं जिवंत राहतात. म्हणून आजारी कोंबडी काढली तरी त्याच उकिरड्यावर चरणारी पुढची पिल्लं तोच जंतू टिपतात.

मरेक माणसाला होत नाही. पक्ष्यांच्या क्षयाचा जंतू निरोगी माणसाला क्वचितच बाधतो, पण एचआयव्हीबाधित किंवा अशक्त माणसाने अशा कोंबड्या हाताळू नयेत. डुकरांना तो होतो, आणि गायीगुरांच्या क्षयचाचणीत खोटा संशय उभा करतो. म्हणून डॉक्टर गुरांची चाचणी घेत असतील तर शेजारच्या खुराड्यातल्या आजाराची माहिती त्यांना द्या.

क्षय ठरला तर सगळा कळप काढावा, मेलेले पक्षी जाळावेत किंवा चुन्यासह खोल पुरावेत, कुत्र्यांपुढे टाकू नयेत. नवी पिल्लं घराच्या दुसऱ्या बाजूला, कोंबड्या कधी न चरलेल्या जागेवर, नव्या डालग्याखाली वाढवावीत.